निमंत्रणपत्रिकेवरचा सिंह

राजचिन्हं तपासण्यात बाबांची चाळीस वर्षं गेली होती. नव्या महाराजांनी त्यांना भर दरबारात घरी बसवलं. "सिंह ओळखायला माणूस कशाला लागतो? आमचं आम्ही बघू."

छापखान्यात ठसे कोरणाऱ्या त्यांच्या लेकीकडे राज्याभिषेकाच्या पत्रिकेचं काम आलं. पत्रिकेवर तिने राजचिन्हातल्या सिंहाची उभी शेपटी मागच्या दोन पायांत घालून कोरली.

समारंभात पाहुण्या राजांनी पत्रिका एकमेकांना दाखवल्या आणि सभागृहभर खसखस पिकली. दुसऱ्याच दिवशी कारभारी छापखान्यात थडकले. "हा भेकड सिंह पास कुणी केला?"

लेकीने खणातून महालात तपासून आलेली कच्ची प्रत काढली. सिंहाशेजारी महाराजांच्या हातचा शेरा होता :



"रुबाब अगदी आमचाच. छापा."