खोटा लाभार्थी

"खोटा लाभार्थी कोण ते आधी सांगा, मग चहा," डॉ. रणपिसे खुर्चीत बसता बसताच म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी कप होता तिथेच ठेवला. सदाशिव पेठेतली मतिमंद प्रौढांची ही कार्यशाळा त्या चालवत. सरकारी अनुदान माणशी मिळे. धडधाकट माणूस मतिमंद म्हणून दाखवलेला सापडला, तर त्याचा सगळा खर्च संस्थेकडून वसूल होई, बदनामी वेगळीच. तशी निनावी तक्रार समाजकल्याण खात्याकडे आली होती आणि खात्याने लगेच डॉक्टर धाडला होता.

"आमच्याकडे खोटं कोणी नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि रणपिसेंनी ती पकडली.

खिडकीशी बद्रीनाथ नावाचे पन्नाशीचे गृहस्थ फायलींच्या नाड्या ओवत होते. दाढी गुळगुळीत, मान खाली.

"यांना कोणी आणलं?"

"पुतण्याने. वरद. हिंजवडीला कंपनीत आहे. यांची बायको गेल्यावर हे बोलेनासे झाले, तेव्हा त्याने मतिमंद असल्याचा दाखला काढला. आता कसब्यातलं यांचं घर, बँक, सह्या, सगळं तोच बघतो. कायद्याने पालक आहे."

"सोय आहे की. पगार कंपनीचा आणि काका सरकारचा."

रणपिसे प्रामाणिक होते, आणि प्रामाणिक माणसाचा संशय भलता चिवट असतो. त्यांनी बद्रीनाथांना नाव विचारलं, वार विचारला, आंब्याचा रंग विचारला. असले पोरकट प्रश्न ऐकून बद्रीनाथ नुसते हसले.

"बरं, निघतो," रणपिसे उठले. "स्वारगेटला जायचंय. शनिवारवाड्यावरूनच जावं लागेल."

चुकीचा रस्ता ऐकून गप्प बसेल तो पुणेकर कसला.

"अहो, उलटे कुठे निघालात?" बद्रीनाथ म्हणाले. "टिळक रोड धरा. पेट्रोल सरकारी आहे म्हणून गाव फिरायलाच हवं का?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

रणपिसे पुन्हा बसले. त्यांनी बद्रीनाथांकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं, अग्रलेखाचा अर्थ विचारला, व्याजाचं गणित घातलं. दुपार टळली तरी त्यांनी सोडलं नाही. बद्रीनाथ आता सगळं सांगत होते, वर अग्रलेखातल्या चुकाही काढत होते.

"डॉक्टर, लिहू नका हो," बाई काकुळतीला आल्या. "तोंडी समज द्या हवी तर."

"तोंडी? सही-शिक्क्यानिशी लिहितो," रणपिसे कडाडले. "हा माणूस पूर्ण शहाणा आहे, स्वतःचे व्यवहार स्वतः बघू शकतो. पुतण्याचं पालकत्व रद्द करा, अशी शिफारसही करतो. एक प्रत तुम्हाला. भिंतीवर लावा."

बाईंनी मान खाली घालून कागद घेतला. रणपिसेंना त्यांची थोडी कीव आली, पण समाधानही वाटलं. त्यांची जीप टिळक रोडच्या दिशेने गेली.

बाईंनी दार लावलं आणि कागद बद्रीनाथांच्या हातात दिला.

"वकिलांकडे निघा. वरद उद्या तुमचं घर बिल्डरच्या नावावर करतोय."

बद्रीनाथांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"फेरतपासणी करा म्हणून आपण इतके अर्ज केले, कोणी फिरकलं नाही. आज बरे आले हे?"

"अर्जाला कोण येतं, बद्रीनाथ?" बाई म्हणाल्या. "म्हणून तर तक्रार केली मी."