ताटातलं नाव

खोल समुद्रात तरंगणाऱ्या, कोळंबीच्या भाऊबंदांपैकी एका सूक्ष्म जीवाला हर्षालीनं नाव दिलं होतं. "आमच्या सूनबाई संशोधक आहेत," असं सासरे खंडेराव लग्नात पाहुण्यांना कौतुकानं सांगत फिरले. पण वरात नाशिक रोडच्या घरी आली, लक्ष्मीपूजन झालं आणि त्यांनीच तांदळाचं ताट पुढे सरकवलं. "राज, अंगठीनं लिही. आजपासून सूनबाईंचं नाव राजश्री."

नवरदेव राजनं पहिलं अक्षर गिरवलंसुद्धा. हर्षालीची कानशिलं तापली. तिनं ताटावर आडवा हात धरला. "मला नाव आहे, बाबा. मला विचारलं तरी का कोणी?"

"वा गं! किड्यांना नावं तू ठेवायची, आणि आम्ही तुला ठेवायचं नाही?" दिंडोरीच्या आत्याबाईंनी टोमणा मारला. सगळे हसले.

"त्या जीवाला आधी कुणी नाव दिलेलंच नव्हतं, आत्या!" हर्षाली कडाडली. "दिलेलं निघालं, तर माझं रद्द होतं. आमच्या शास्त्रात पहिलं नाव तेच खरं."

"आणि ते तीस वर्षांनी निघालं तर?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता.

हर्षाली त्यांच्याशीही भांडायच्या तयारीनं वळली. "तरीही!"

सासूबाईंनी तळहातानं ताटातलं अक्षर पुसून टाकलं आणि त्या खंडेरावांकडे वळल्या.



"ऐकलंत ना? यापुढे मला माधुरी म्हणून हाक मारलीत, तर ओ देणार नाही. माझ्या आईबापानं माझं नाव नवसा ठेवलंय."