हौसाचा चुडा

लेथवर काम शिकायला शिष्यवृत्ती मिळवणारी हौसा वरवंडातली पहिलीच सून. दौंडच्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिच्या हातातला हिरवा चुडा पाहिला आणि तिला दारातच अडवलं. "फिरत्या मशिनीपाशी बांगड्या चालायच्या नाहीत. उतरवा, नाहीतर शिवणाच्या वर्गात जाऊन बसा." सासूसोबत तिला पोचवायला आलेला चुलतसासरा गेणबा कडाडला, "नवरा जित्ता असताना हात उघडं? चल माघारी!" हौसा जागची हलली नाही, तिनं सासूकडं पाहिलं. विधवा कुशाबाई पुढं झाली. "भावजी, म्या एकबी दिस हात उघडं ठेवलं न्हाईत. तरी तुमचा भाऊ गेलाच न्हवं? काढ गं पोरी!" हौसानं एकेक करून साऱ्या बांगड्या उतरवल्या. कुशाबाईनं त्या आपल्याच मोकळ्या मनगटांत चढवल्या, दारातल्या बाकावर फतकल मारली आणि गेणबाला म्हणाली, "सुटी होईस्तवर हितंच हायेत. बघा किती बघायचं ते!"