ठेवायचं की टाकायचं

“हे सामान नाही बाई, भंगार आहे,” मिस्त्री म्हणाला आणि पाणबुड्याचं जॅकेट त्याने टेबलावर आपटलं. शिवणीतलं वाळलेलं मीठ भुरुभुरु खाली सांडलं. “बघा. गोड्या पाण्यातून काढायचेसुद्धा कष्ट नकोत. अंगातला शर्ट रोज धुतील, पण ज्याच्यावर जीव टांगलेला ते धुवायला यांचे हात दुखतात.”

“शेवटचं धुवायचं राहून गेलं,” बाई म्हणाली.

ती टेबलापलीकडे स्टुलावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. “माझ्या धाकट्या भावाचं आहे. घेतलं तेव्हाच वापरलेलं होतं. आता त्याची मुलगी हट्ट धरून बसलीय, बाबांचंच सामान घालून पाण्यात उतरणार म्हणून. पुढच्या आठवड्यात तिची शिकवणी सुरू होते. ठेवायचं की टाकायचं, तेवढं सांगा.”

मिस्त्रीने मान वर केली नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायची त्याला सवयच नव्हती. सगळ्या बंदरात पाणबुड्यांचं सामान दुरुस्त करणारा तो एकटा, आणि त्याची त्याला भारी घमेंड. त्याच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, एक तो स्वतः आणि दुसरी सामानाची वाट लावणारे. स्वतःची प्रमाणपत्रं त्याने काचेच्या चौकटीत लावली होती. गिऱ्हाइकाला बसायला ते एक लंगडं स्टूल.

“काय करतो भाऊ?”

“बोटींचे तळ खरवडायचा. शेवाळ, शिंपले.”

“खरवडायचा? म्हणजे सोडलं म्हणा की. चला, घरात एक तरी शहाणा निघाला.”

बाईने नळी त्याच्याकडे सरकवली.

मिस्त्रीने नळी उचलली, टोकाला दातांत धरायचा रबरी तुकडा होता तो उलटसुलट केला आणि फिसकन हसला. रबर दोन्ही बाजूंनी पार तुटलं होतं. “हे काय? भुकेला होता का तुमचा भाऊ? दातांनी नुसतं पकडायचं असतं, चावायचं नसतं. असल्या भित्र्या लोकांनी पाण्यात कशाला जावं? घरी बसून बादलीत पाय बुडवावेत.”

बाईची बोटं पर्सवर घट्ट झाली. मिस्त्रीला ते दिसायचं कारणच नव्हतं.

“श्वासाचं यंत्र तेवढं उघडून बघता?” ती म्हणाली.

“भंगारात आणखी काय बघायचं?”

“पोर उतरणार आहे हो. तुमच्याशिवाय इथं कळतंय कुणाला?”

हे मात्र त्याला पटलं. त्याने पाना घेतला, झाकण फिरवलं, आतली झडप टेबलावर काढली. भिंग डोळ्याला लावून तो क्षणभर थांबला. मग मांडीवर थाप मारून मोठ्याने हसला.

“या, या, जवळ या. नमुना दाखवतो तुम्हाला! झडपेखाली हा वॉशर असतो. झिजला की फेकायचा, नवा टाकायचा. या दिवट्याने काय केलंय? जुनाच उपसला आणि उलटा करून बसवला. कोरी बाजू वर आली की चार दिवस झकास चालतं. टेबलावर तपासलं तर कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“आणि चार दिवसांनी?”

“खोल पाण्यात वॉशर सरकतो, भोकात बसतो. संपलं. पाठीवर सिलिंडर भरलेला, नळी तोंडात, आणि श्वास नाही.”

“असं कोण करतं?”

“आळशी माणूस, दुसरं कोण! नवा वॉशर मागवायचा तर पंधरा दिवस थांबावं लागतं. तेवढाही धीर नाही. असल्यांच्या हातात पाना कसा देतात, देव जाणे. खाली जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे हा.”

“लिहून द्याल? माझ्या सांगण्यावर भाची ऐकायची नाही.”

मिस्त्री खूश झाला. लिहून मागणारं गिऱ्हाईक त्याला क्वचित भेटे. त्याने आपल्या छापील कागदावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘वॉशर जुना, उलटा बसवलेला. वापरल्यास प्राण जाण्याचा धोका. दुरुस्त करणारा नालायक.’ खाली लांब शेपटीची सही ठोकली. वर शिक्का मारला आणि कागद तिच्याकडे सरकवला.

बाईने आधी झडप, वॉशर, नळी, सगळं पिशवीत भरलं. कागदाची घडी घातली. मग पर्समधून दुसरा कागद काढून टेबलावर धरला, पण हातातून सोडला नाही. तोच छापील कागद, तोच शिक्का. ‘संपूर्ण तपासणी केली. वॉशर नवा टाकला. वापरण्यास योग्य.’ खाली तीच लांब शेपटीची सही.

“त्यानंतर पाचव्या दिवशी भाऊ खाली गेला, तो जिवंत वर आलाच नाही,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. सामान तुम्हीच वरवर बघितलंत आणि चौकशीला आलेल्यांना सांगितलंत, सामान उत्तम आहे, माणूस घाबरला. पोरीला शाळेत अजून भित्र्याची मुलगी म्हणतात.”

मिस्त्रीने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. हेच तोंड त्या वेळी दुरुस्त झालेलं सामान न्यायला येऊन याच स्टुलावर बसलं होतं. त्याने पिशवीकडे हात केला, पण बाई उठली होती.

“ते... टाकून द्या, बाई,” तो कसाबसा म्हणाला. “भंगार आहे ते.”

“सकाळपर्यंत मीही तेच म्हणत होते,” ती पिशवी छातीशी धरत म्हणाली. “पोरीला दुसरं घेईन. हे ठेवते.”