बाप्तिस्म्याचं पाणी

वसमतच्या चर्चमध्ये तापानं फणफणलेलं लेकरू छातीशी धरून रिबका नवऱ्याकडे, शांतवनकडे, पाहत होती. बाप्तिस्म्याविना लेकरू गेलं, तर मिशनच्या दफनभूमीत त्याला जागा नव्हती. अन् वडिलांनी विश्वास कबूल केल्याशिवाय पाळक पाणी शिंपडणार नव्हते. शांतवन अलीकडे येशूला देव न मानणाऱ्या पंथाच्या सभांना जात होता. पाळकांनी विचारलं, "शांतवनभाऊ, येशू कोण? देव का देवदूत?" सासूबाई करवादल्या, "पाळकबाबा, पोरगं पोळून राहिलं अन् तुमी परीक्षा घेऊन राहिले व्हय?" "अहो, नुसतं देव म्हणा," रिबका पुटपुटली. शांतवनला खोटं बोलता येत नसे, हीच तिची भीती होती. "पित्यानं घडवलेला पहिला देवदूत," तो मान खाली घालून म्हणाला. पाळकांनी पाण्याची वाटी टेबलावर ठेवली. रिबकानं वाटीत हात बुडवून लेकराच्या कपाळावर टेकवला. "पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं." दोन्ही पुरुष एकदम 'आमेन' म्हणाले. तोवर कपाळावरचं पाणी वाळलं होतं.