चावी वॉचमनकडे

घाटकोपरच्या त्या सोसायटीत पार्किंगची एवढी अडचण, की गाड्या पुढेमागे करायला सगळ्यांच्या चाव्या वॉचमन तावडेकाकांकडेच असायच्या. मार्तंडची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप उंच होती, म्हणून जॅक न लावताच तो पोट आत ओढून कसाबसा खाली सरकला आणि इंजिनाच्या चेंबरमधलं ऑइल सोडू लागला. पाय भिंतीकडे, मागच्या चाकाच्या अगदी पुढ्यात.

"तावडेकाका, ही जीप पुढे घ्या ना, उशीर होतोय मला!" शेजारच्या दीप्तीचा आवाज. दार आपटलं. भीतीने मार्तंडच्या घशातून शब्दच फुटेना. चावी फिरली. स्टार्टर कण्हला, पुन्हा कण्हला आणि गप्प झाला. मार्तंडचा जीव भांड्यात पडला.

 

"बॅटरी गेलीय गं," तावडेकाका खाली उतरत म्हणाले. "गिअर काढलाय. ये, धक्का मारू."