जोडे घालून या

स्वतःच्या मुलाशेजारी बाकावर बसून जळगावच्या कॉलेजात शिकणारे पिंपळनेरचे निंबाआबा शिकाऊ उमेदवारी करायला धुळ्याच्या विकास कचेरीत आले, तेव्हा आनंदाने पाय जमिनीला लागत नव्हते. आता गावांसाठी योजना आखायला शिकायचं! पण उंबरठ्याशी जन्माच्या सवयीने नवे जोडे काढून आबा अनवाणीच आत शिरले. शिपाई खेकसला, “अर्जवाल्यांनी बाहेर बसायचं!” “मी नवा उमेदवार.” कारकून फिदीफिदी हसले. साहेब म्हणाले, “इथं काम करायचं तर जोडे घालून या, आबा.” बाहेर भिंतीकडेच्या बाकांवर अर्जदार शेतकरी जोडे काढून अनवाणी ताटकळले होते. आबांनी जोडे चढवले अन् हाक दिली, “भाऊहो, बठ्ठा जण जोडा घालीसन मझार या!” सगळे जोडे घालून आत शिरले, तशी जोड्यांची अशी करकर उठली की दूर सोनगीरच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली. साहेब दचकले, “हे काय?” “पहिली योजना, साहेब. अमलातही आली!” साहेबांनी शिपायाला फर्मावलं, “बाकं आत घे!”